इस्फहानची जुनी जामे मशीद: खांबांपासून ऐवानांपर्यंत

इस्फहानला जाणारे बहुतेक प्रवासी नक्श-ए-जहान चौकातल्या, सफवी राजांच्या काळातल्या इमारती डोळे भरून बघतात आणि जुन्या जामे मशिदीला परतीच्या दिवशीचा अर्धा तास देतात. तेवढ्या वेळात मोठं अंगण, चार दिशांचे चार ऐवान (अंगणाकडे उघडणारी उंच कमानी दालनं) आणि निळ्या फरशा दिसतात. पण मशीद समजत नाही, कारण ती कुणी एकदा बसून आखलेली नाही. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ प्रत्येक राजवटीने आधीच्या इमारतीत काही कापलं, काही चिकटवलं, काही झाकलं. ते सांधे आजही विटांमध्ये दिसतात. ते ओळखायचे तर दालनांच्या क्रमाने न जाता काळाच्या क्रमाने फिरावं लागतं. म्हणून आम्ही यझ्दकडून नाईनमार्गे इस्फहान, मग झवारे आणि आर्देस्तान असा मार्ग धरला.

निघण्यापूर्वी थोडं व्यवहाराचं. परदेशी बँकांची कार्डं इराणमध्ये चालत नाहीत. सगळी रोकड बरोबर न्यावी लागते. किमती लिहिलेल्या असतात रियालमध्ये, बोलल्या जातात तोमानमध्ये, आणि एक तोमान म्हणजे 10 रियाल. रक्कम देण्याआधी विचारून घ्यावं. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून तिकिटाआधी वकिलातीकडून खात्री करावी. घुमट बघायला दुर्बीण हवी (8 पट पुरते) आणि एक छोटा टॉर्च. टॉर्चचा झोत भिंतीला समांतर, बाजूने टाकला की विटांची उंचसखल वीण उठून दिसते. समोरून टाकला तर सगळं सपाट होतं. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचंही तसंच होतं.

पहिला दिवस: यझ्द ते नाईन

यझ्दहून इस्फहानच्या रस्त्याला लागलं की वाटेत नाईन येतं. सकाळच्या बसने निघून इथे उतरायचं, दिवस काढायचा आणि संध्याकाळी पुढची बस धरायची. नाईन ते इस्फहान अंतर सुमारे 140 किलोमीटर आहे.

नाईनची जामे मशीद दहाव्या शतकातली, साधारण 960 च्या सुमाराची. इथे आधी येण्याचं कारण एकच: या मशिदीला ऐवान नाहीत. अंगण, त्याभोवती कमानींच्या रांगा, किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या बाजूला जास्त खोल दालन, बस. सेल्जुक तुर्कांची राजवट येण्यापूर्वी इराणातली शहरी मशीद कशी असे याचा इतका स्पष्ट नमुना फार थोड्या ठिकाणी उरला आहे. इस्फहानची मशीदही एके काळी याच जातीची होती, फक्त कितीतरी मोठी. नाईनचं अंगण डोक्यात पक्कं बसलं की इस्फहानमध्ये नंतर काय काय घुसवलं गेलं ते आपोआप कळू लागतं.

मिहराबाजवळचे (किब्ल्याच्या भिंतीतल्या कोनाड्याजवळचे) खांब आणि कमानी जिप्समच्या नक्षीने मढवलेल्या आहेत: द्राक्षवेली, पानं, एकात एक गुंतलेली वर्तुळं. हे काम साच्यात ओतलेलं नाही. जिप्समचा थर विटेवर चढवून तो पुरता सुकायच्या आत पात्याने कोरायचा, अशी ही रीत. भाजलेलं जिप्सम पाण्यात कालवलं की काही मिनिटांत घट्ट होतं, आणि बारीक कोरीव कामाला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून इराणी कारागीर मिश्रण सतत ढवळत राहतात. त्याने घट्ट होण्याची क्रिया मोडते, माल मऊ राहतो आणि सावकाश सुकतो. वेग मिळतो तो न ढवळलेल्या मालात, आणि तो वेग घुमट बांधताना कामी येतो. एकाच खनिजाचे हे दोन उपयोग लक्षात ठेवावेत. पुढच्या दिवसांत दोन्ही दिसतात.

लाकडी मिंबर (प्रवचनाचं पायऱ्यांचं व्यासपीठ) 1311 सालचं आहे. अंगणाखाली तळघरातलं नमाजगृह आहे: उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्याला उजेड मिळतो तो अंगणाच्या फरसबंदीत बसवलेल्या अर्धपारदर्शक दगडी पाट्यांतून. तिथला जिना उंच पायऱ्यांचा आणि अंधारा आहे, टॉर्च पहिल्यांदा तिथेच लागतो.

दुसरा दिवस: इस्फहान, आधी खांब

नक्श-ए-जहान चौकाच्या उत्तर टोकाला कैसरिये दरवाजा आहे. तिथून छप्पर असलेल्या बाजारातून ईशान्येकडे सुमारे दोन किलोमीटर चालत गेलं की जुन्या चौकाजवळ मशीद येते. चालतच जावं. मशिदीला एकटा असा दर्शनी भाग नाही, ती बाजारात आणि वस्तीत रुतलेली आहे, आणि हे टॅक्सीने दारात उतरल्यावर जाणवत नाही. दुपारच्या नमाजाच्या सुमारास पर्यटकांना बाहेर काढतात. शुक्रवारी सकाळचा भरवसा धरू नये. सकाळी लवकर आणि दुपारी तीननंतर असे दोन फेरे ठेवलेले बरे.

आत शिरल्यावर पाय आपोआप दक्षिण ऐवानाकडे वळतात. तिकडे न जाता अंगणाच्या कडेने मागच्या दालनांत शिरावं. अंगण साधारण 65 बाय 55 मीटर आहे, आणि त्याच्या चारही बाजूंना खांबांचं दाट जंगल आहे. मशिदीचा सगळ्यात जुना भाग इथेच लपला आहे.

पहिली मशीद आठव्या शतकातली. ती 840–41 च्या सुमारास, अब्बासी खलिफा मुअतसिमच्या काळात पाडून जास्त मोठी बांधली गेली: सुमारे 128 बाय 88 मीटरचा आयत, विटांचे खांब, वर लाकडी सपाट छत. हे कळलं ते 1970 च्या दशकात, इटालियन पुरातत्त्वज्ञांनी इराणी अधिकाऱ्यांबरोबर केलेल्या उत्खननात. उंबेर्तो शेर्रातो यांनी जमिनीखाली शोध घेतला, तर एउजेनिओ गाल्दिएरी यांनी उभ्या इमारतीचा अभ्यास आणि डागडुजी केली. पहिल्या मशिदीच्या किब्ल्याच्या भिंतीचे जिप्समने सजवलेले अवशेष त्यात सापडले. तिची दिशा नंतरच्या मशिदीपेक्षा वेगळी होती. दुसऱ्या बांधणीत किब्ला दुरुस्त केला गेला. त्याआधी फ्रेंच अभ्यासक आंद्रे गोदार यांचं मत प्रचलित होतं: सेल्जुकांनी मोकळ्या जागेत एकटा घुमट उभारला आणि मशीद त्याच्याभोवती वाढली. उत्खननाने ते मत मोडलं. घुमट उभा राहिला तो भरल्या दालनात, जुने खांब काढून केलेल्या जागेत.

अंगणाला लागून असलेली खांबांची रांग नीट बघावी. ती अब्बासी नव्हे, बुवैही या इराणी घराण्याच्या काळातली आहे, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. बुवैहींनी अंगणाच्या चारही कडांना आतून एक नवी रांग जोडली, म्हणून अंगण थोडं आक्रसलं. या खांबांचा छेद साधा गोल नाही; अनेक अर्धगोल पाकळ्या एकत्र आल्यासारखा आहे. वर गिलावा नाही. वेगवेगळ्या मापाच्या लहान विटा पुढे-मागे बसवून तिरप्या चौकटींची नक्षी विटेतूनच काढलेली आहे. अब्बासी खांब जाड, गोल आणि गिलाव्याखाली राहण्यासाठी बांधलेले. एक वीट झाकायची, दुसरी दाखवायची: हा फरक डोळ्यांत बसला की खांब कोणाचा ते पाटी न वाचता सांगता येतं. पुढच्या शतकांत यांतले अनेक खांब जाड भिंतींत गाडले गेले; काही ठिकाणी डागडुजी करताना वरचं आवरण काढून ते उघडे ठेवले आहेत.

मग मान वर करावी. मूळ लाकडी छत गेलं आणि त्याच्या जागी प्रत्येक चार खांबांमध्ये विटांचा एक लहान घुमट आला. पावणेपाचशेच्या आसपास अशी छतं या मशिदीत आहेत आणि त्यांच्यात विलक्षण विविधता आहे: कुठे विटा वर्तुळात फिरतात, कुठे चार त्रिकोणांत वाटल्या जातात, कुठे आडव्या-उभ्या कमानींची जाळी होते, कुठे मध्ये उजेडासाठी झरोका सोडतात. इराणच्या पठारावर लांब तुळया देणारं लाकूड दुर्मीळ, त्यामुळे सेंट्रिंगही जवळजवळ न लावता बांधायची सवय गवंड्यांना लागली. लवकर धरणाऱ्या जिप्समच्या मसाल्यात चपटी चौरस वीट दाबून धरली की क्षणभरात ती चिकटते आणि पुढची वीट तिच्या आधाराने बसते. घुमटाचं एकेक वर्तुळ पूर्ण झालं की ते स्वतःला तोलून धरतं. या दालनांत फिरायला दोन तास कमीच पडतात, आणि आमच्या मते मशिदीतला सर्वात दुर्लक्षित भाग हाच आहे.

छतांचं दुखणंही समजून घ्यावं. वरून चिखल आणि पेंढ्याचा लेप देतात, तो दर काही वर्षांनी नवा करावा लागतो. जुना थर न खरवडता त्यावर नवा चढवत गेलं की ओझं साचतं आणि पातळ छतांना तडे जातात. लेप दिलाच नाही तर पाणी मुरून जिप्समचा मसाला मऊ पडतो, कारण जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळतं. शिवाय इस्फहानच्या मैदानातला भूजलाचा अतिउपसा आणि कोरडी पडणारी झायंदेरूद नदी यांमुळे जमीन खचते आहे. शहरातल्या जुन्या वास्तूंना हा मोठा धोका आहे.

आग्नेय बाजूच्या काही छतांच्या विटा एकसारख्या आणि नव्या दिसतात. इराण–इराक युद्धात, 1980 च्या दशकात, मशिदीचा हा भाग बाँबने कोसळला होता आणि नंतर पुन्हा बांधला गेला.

तिसरा दिवस: दोन घुमट, दोन वजीर

हा दिवस पूर्ण घुमटांना द्यावा, आणि आधी दक्षिणेचा बघावा.

सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या नावाने त्याचा वजीर निझाम-उल-मुल्क याने तो 1086–87 च्या सुमारास बांधला. दोघांची नावं आतल्या शिलालेखात आहेत. जुन्या दालनातले किब्ल्यासमोरचे 24 खांब काढून जागा केली गेली. घुमटाचा व्यास सुमारे 15 मीटर. काही वर्षं आधी, 1082 मध्ये, दमास्कसच्या उमय्यद मशिदीत याच सुलतान-वजिरांच्या नावाने डागडुजी झाली होती. मिहराबासमोर मोठा घुमट उभारण्याची कल्पना तिथून आली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

खाली जाडजूड खांब आणि तिन्ही बाजूंनी मोकळ्या कमानी. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवताना अडचण असते ती चार कोपऱ्यांची. इथे उत्तर असं आहे: प्रत्येक कोपऱ्यावर तिरपी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन केला, त्यावर सोळा लहान कमानींची रांग, आणि त्यावर वर्तुळ. कोपऱ्यातली कमान एकसंध नाही. मध्ये छोटी खोल कमान, दोन बाजूंना दोन पाव-घुमट, अशी ती तीन भागांत फोडली आहे. हीच रचना यझ्दच्या दवाझ्दा इमाम या 1037 च्या इमारतीत आधी दिसते. यझ्दहून येणाऱ्याने ती बघूनच यावं. भार एका ठिकाणी न येता कोपऱ्यात पसरतो, आणि वर जाताना प्रत्येक टप्प्याचा कोपरा आधीच्यापेक्षा बोथट होत जातो. विजापूरच्या गोलघुमटात हाच प्रश्न एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी सोडवलेला महाराष्ट्रातल्या अनेकांनी पाहिला असेल. तिथला घुमट अडीच पट रुंद आहे, पण साडेपाचशेहून अधिक वर्षांनी नंतरचा.

दक्षिण घुमटाचं बाकीच्या इमारतीशी नातं लगेच जुळलं नव्हतं. तो जुन्या दालनात मध्येच उभा राहिला आणि त्याच्या व उरलेल्या खांबांच्या मधली जागा पुढे भरली गेली. घुमटाच्या दोन्ही बाजूंना जाऊन जोड बघावेत: विटांच्या ओळी एकमेकींत गुंफलेल्या नाहीत, फक्त टेकलेल्या आहेत. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींत असं होत नाही.

दुपारनंतर उत्तरेचा घुमट. निझाम-उल-मुल्कचा प्रतिस्पर्धी ताज-उल-मुल्क याने तो 1088–89 मध्ये, म्हणजे पाठोपाठ, मशिदीच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या हद्दीबाहेर बांधला. त्याच्या पाठीशी मलिकशाहची बेगम तुर्कान खातून होती. या खोलीचा नेमका वापर काय यावर अभ्यासकांत वाद आहे. सुलतानाच्या किंवा बेगमेच्या येण्याजाण्याशी तिचा संबंध जोडतात. दार बंद असेल तर रखवालदाराला विचारावं. उशिरा विचारलं तर किल्ली मिळत नाही, म्हणून आल्या आल्याच सांगून ठेवावं.

हा घुमट लहान आहे, व्यास सुमारे 10 मीटर, उंची सुमारे 20. पण दक्षिणेच्या घुमटात जे चाचपडत केलं ते इथे पूर्ण जमलं आहे. तिथे खालचे खांब एक भाषा बोलतात आणि वरच्या कमानी दुसरी. इथे जमिनीपासून निघालेली प्रत्येक उभी रेघ वर जाऊन एखाद्या कमानीत संपते. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकच कोपरा निवडावा आणि पायापासून घुमटापर्यंत एका रेषेवरून नजर न्यावी: पायाशी बारीक अर्धखांब, त्यावर कमान, त्यातून कोपऱ्याचे तीन भाग, मग सोळा कमानी. रेघ कुठेही तुटत नाही. मध्ययुगीन इराणमध्ये यापेक्षा सरस वीटकाम आम्हाला माहीत नाही.

आता घुमटाचं पोट. त्यावर विटांच्या उठावदार पट्ट्यांनी मोठा पंचकोनी तारा काढला आहे, आणि इथे भूमितीची खरी गंमत आहे. खालची सगळी रचना दुपटीदुपटीने जाते: 4, 8, 16. वर मात्र वर्तुळाचे 5 आणि 10 भाग. ताऱ्याची सममिती 36 अंशांच्या पटीत, खोलीची 90 च्या; त्यामुळे तारा खोलीच्या एकाच मध्यरेषेशी जुळू शकतो, दोन्हींशी कधीच नाही. घुमटाखाली झोपून बघितलं तर हे लगेच कळतं, फोटोत क्वचितच. उमर खय्याम त्या काळी इस्फहानमध्ये मलिकशाहच्या वेधशाळेत होता, 1079 च्या जलाली कॅलेंडरच्या कामात होता, आणि म्हणून या घुमटाशी त्याचं नाव जोडलं जातं. पण शिलालेखात नाव आहे ताज-उल-मुल्कचं. खय्यामचा संबंध हा अभ्यासकांचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

निझाम-उल-मुल्कचा खून ऑक्टोबर 1092 मध्ये झाला, पुढच्याच महिन्यात मलिकशाह वारला, आणि 1093 मध्ये निझामच्या माणसांनी ताज-उल-मुल्कला ठार केलं. दोन्ही घुमट त्यांच्या मालकांपेक्षा कितीतरी चांगले टिकले.

चौथा दिवस: आग, ऐवान आणि पुढची शतकं

इतिहासकार इब्न अल-अथीर सांगतो की हिजरी 515, म्हणजे 1121–22 मध्ये, मशीद जाळली गेली. ईशान्येच्या एका दरवाज्यावरच्या लेखातही त्या आगीनंतर झालेल्या दुरुस्तीचा उल्लेख आहे. लाकडी छताच्या दालनात आग किती पसरली असेल ते वेगळं सांगायला नको. यानंतरच्या दशकांत अंगणाच्या चारही बाजूंच्या मध्यावर चार ऐवान उभे राहिले, आणि त्यांच्यासाठी जुन्या खांबांच्या रांगा कापल्या गेल्या.

ऐवान म्हणजे तीन बाजूंनी बंद, चौथीकडून अंगणात उघडणारं, उंच कमानी छताचं दालन. त्याची बांधणी अवघड. पुढच्या कमानीचा रेटा पेलायला पुढे काहीच नसतं, म्हणून बाजूच्या भिंती अवजड कराव्या लागतात आणि समोर उंच चौकट उभारून वजन खाली दाबावं लागतं. दक्षिणेचा ऐवान (सोफ्फे-ए-साहेब) घुमटाच्या पुढ्यात आहे. त्यातले मुकर्नस (छताच्या पोटातली, एकावर एक पुढे येणाऱ्या लहान कोनाड्यांची नक्षी) मोठमोठ्या, साध्या पाकळ्यांचे आहेत. नंतरच्या मशिदींत ते बारीक आणि पुष्कळ होत जातात. फरशांचं बरंच काम 1475–76 चं, आक कोयुनलू या तुर्कमान घराण्याचा राजा उझून हसन याच्या वेळचं. म्हणजे निळा रंग मशिदीवर चढला तो विटा रचून झाल्यावर तीन-साडेतीनशे वर्षांनी. पश्चिमेचा ऐवान उस्तादचा, पूर्वेचा शागीर्दचा, उत्तरेचा दरवेशाचा म्हणवला जातो. उत्तरेचा लांबट आणि इतरांपेक्षा साधा आहे.

पश्चिम ऐवानाला लागून असलेल्या दालनात उलजायतूचा मिहराब आहे, 1310 चा. इलखान (इराणचा मंगोल राजा) उलजायतू त्याच सुमारास शिया झाला आणि मिहराबावर बारा इमामांची नावं आली. कारागीर हैदर याची सही त्यावर आहे. जिप्सम इतक्या थरांत कोरलं आहे की पार्श्वभूमीच्या वेलीवर अक्षरं अधांतरी राहिल्यासारखी वाटतात. टॉर्चच्या तिरप्या उजेडाचा खरा उपयोग इथे.

इथूनच हिवाळी नमाजगृहाकडे जाता येतं. ते 1447–48 चं, तैमुरी काळातलं. कमानी ठेंगण्या, रुंद, जवळजवळ जमिनीतूनच निघणाऱ्या. ऊब टिकावी म्हणून छत खाली. उजेड छतातल्या दगडी पाट्यांतून येतो, नाईनसारखाच. विजेचे दिवे लावलेले असतील तर ते काही मिनिटं बंद करायची विनंती करावी. पूर्वेकडचा, मुझफ्फरी घराण्याच्या काळातला 1366–67 चा मदरसा वेळ उरला तर.

पाचवा दिवस: झवारे आणि आर्देस्तान

सकाळी टॅक्सी ठरवून निघावं, इस्फहानहून आर्देस्तान सुमारे 120 किलोमीटर ईशान्येला, आणि तिथून झवारे 15 किलोमीटरच्या आसपास. आधी झवारे करावं. संध्याकाळी त्याच रस्त्याने काशानकडे जाता येतं, इस्फहानला परत फिरायची गरज नाही.

झवारेची जामे मशीद 1135–36 ची. सुरुवातीपासून चार ऐवान आणि एक घुमट असा आराखडा धरून बांधलेली ही, तारीख नोंदलेल्या मशिदींत सर्वात जुनी मानली जाते. अंगण लहान, ऐवान लहान, पण मांडणी तीच. इस्फहानच्या आगीनंतर जेमतेम पंधरा वर्षांत, तिथे कापाकापीतून तयार झालेला आराखडा इथे एका दमात उतरला. सांधे शोधून बघावेत. इस्फहानसारखे टेकलेले जोड इथे सापडत नाहीत. जवळच 1068–69 चा पा-मिनार आहे, इराणातल्या तारीख नोंदलेल्या जुन्या मिनारांपैकी एक.

आर्देस्तानला उलटा प्रकार. घुमट 1158 चा, दक्षिणेचा ऐवान 1160 चा, दोन्ही तारखा लेखांतून मिळतात, आणि गवंड्याचं नावही: उस्ताद महमूद इस्फहानी. जुन्या मशिदीत घुमट घुसवला, मग त्याला ऐवान जोडला. इस्फहानला अनेक दशकं लागलेलं काम इथे दोन वर्षांत उरकलं. घुमटाच्या खोलीतलं वीटकाम इस्फहानच्या उत्तर घुमटाच्या घराण्यातलं आहे: तीन भागांचे कोपरे, खालून वर जाणाऱ्या रेघा. मात्र जिप्समची नक्षी त्यावर जास्त आहे.

भारतात हा चार ऐवानांचा आराखडा बघायचा तर बिदरला महमूद गवानचा 1472 चा मदरसा आहे. लातूर-उदगीरकडून एका दिवसात जाऊन येता येतं. गवान मूळचा गीलानचा, बहमनींचा वजीर. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा पुढचा आणि दक्षिणेकडचा भाग उडाला, त्यामुळे समोरून बघून आराखडा लक्षात येत नाही. आत अंगणात मध्यभागी उभं राहून उरलेल्या बाजूंवरून तो जुळवावा.